मावशी, बोटीचा रंग ठरला

मावशी, काल कारखान्याला रंग कळवून टाकला. तुला न विचारता कळवला. सही करताना मी उगाच दाराकडं पाहिलं. वाटलं, तू कोपरापर्यंत हात धुऊन, पदराला पुसत येशील आणि म्हणशील, "थांब पत्रकबाई, आधी मला दाखव."

तुझा दहावा झाला आणि लगोलग आसाराम आबांनी बोट समितीची बैठक लावली. मला राग आला. मी म्हणाले, "आबा, जरा थांबता येत नाही का? माणूस गेलंय आपलं." आबा खाली बघत म्हणाले, "मला बी कळतं, बाई. पण नदीला कोन सांगावं?" कारखान्याचा माणूस रोज फोन करत होता. रंग कळल्याशिवाय कापड कापता येत नाही आणि आता कापड कापलं नाही तर पावसाळ्याआधी बोट मिळणार नाही. तुझ्या जाण्याचं दुःख करायला मला वर्ष पडलं आहे. बोटीला तेवढा वेळ नाही. तूही हेच म्हणाली असतीस, म्हणून मी मुकाट बैठकीला बसले.

शोकसभेत तुझ्याबद्दल सांगायचं ते सांगून झालं. उपकेंद्रातली तुझी नोकरी, नदीकाठच्या वस्त्यांवर तू केलेली बाळंतपणं, तू नाकारलेली बदली. 'सेवाभावी' हा शब्द इतक्यांदा आला की तू असतीस तर उठून चहा टाकायला गेली असतीस. मी काही बोलले नाही. मला तुझ्यावर भाषण करायचं नव्हतं. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करायचं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

त्या पुरात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरी आमच्या गावाकडच्या वस्तीतल्या शाळेच्या खिडक्यांपर्यंत आली. गयाबाई आणि वस्तीतली बाकीची म्हातारी माणसं शाळेच्या गच्चीवर जाऊन बसली. दुपारनंतर एक बोट आली. तिच्या टोकाला झेंडा होता. कुणाचा होता ते मी लिहीत नाही, पुढच्या पुरात दुसऱ्या कुणाचा असेल. ती बोट गच्चीच्या जवळून गेली. गयाबाईनं पदर हलवला. बोट वळली ती गावातल्या ओळखीच्या घरांकडं, आणि तिथली माणसं भरून परत गेली. गच्चीवरच्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी इरफाननं काढलं. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारा आपला इरफान, पोत्यात थर्माकोल भरून केलेल्या तराफ्यावरून. आणि काठावर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेकाला हात देणारी तू. रिटायर झालेली होतीस तेव्हा तू. कुणी बोलावलं नव्हतं.

मी जालन्याहून पोचले ती पत्रक लिहूनच. तुला तर माहीतच आहे, तिथल्या मस्तगडच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बाबांचं छपाईचं सामान आणि मागच्या खोलीत आम्ही. पाटीवर 'कमळ' गिरवायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. बोट कुणासाठी आली आणि कुणाला सोडून गेली, ते सगळं मी त्या पत्रकात लिहिलं होतं. तू ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलंस. शब्दन् शब्द वाचलास, ओठ हलवत.

"लई करारी लिहिलंस," तू म्हणालीस. "पण ह्याच्यावर बसून गयाबाई पलीकडं जाईल का?"

"आणि हे लिहिलं नाही, तर पुढच्या पुरातही बोट गच्चीच्या बाजूनंच जाईल," मी म्हणाले.

तू थांबलीस. मोठी माणसं माझ्याशी बोलताना थांबत नाहीत, ती हसतात. तू थांबलीस आणि म्हणालीस, "ते बी खरं हाय. मंग दोन्ही कर."

दोन्ही कर. मी आयुष्यात ऐकलेला हा सगळ्यात अवघड हुकूम आहे, मावशी. निषेध करणाऱ्याला बोट आणावी लागत नाही आणि बोट आणणाऱ्याला निषेध परवडत नाही. तू दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात घातलंस.

मग वर्गणी सुरू झाली. वस्ती, गावठाण, मोहल्ला, ऊसतोडीला जाणारी घरं, सगळीकडं आपण दोघी. आबांनी तालुक्याचे खेटे घातले. बोट ठेवायचा चाकांचा गाडा एमआयडीसीतल्या एका वेल्डरनं करून दिला. आणि एक दिवस कारखान्याकडून रंगांचं कार्ड आलं.

आपल्याला वाटलं होतं, रंग एकच असतो. ही बोट म्हणजे खाली फायबरचा टणक तळ आणि कडेनं हवा भरलेल्या जाड ट्यूब. तर ट्यूबचा रंग वेगळा, तळाचा वेगळा, कडेच्या पट्टीचा वेगळा, आत पाय ठेवायच्या जागेचा वेगळा, धरायच्या दोराचा वेगळा. कार्डावर नखाएवढे कापडाचे तुकडे चिकटवलेले. तू आधी हात धुतलेस, मग ते कार्ड हातात घेतलंस.

"निळा," मी म्हणाले. विचार करायची गरजच नव्हती.

"नारिंगी," तू म्हणालीस.

"भगवा म्हण की सरळ."

"नारिंगी."

"गावात नारिंगी नसतो, मावशी. गावात भगवाच असतो."

"सडकेवर काम करनाऱ्या पोरांच्या अंगात जाकीट असतंय, त्याला भगवं म्हनती का कोनी? ट्रकवाल्याला दिसावं म्हनून असतंय ते."

मी तेव्हा तुला सांगितलं, आणि आजही तेच सांगते: ज्या बाईनं झेंडा लावलेली बोट आपल्याला सोडून जाताना पाहिली, तिच्यापुढं पुन्हा तसलाच रंग नेऊन उभा करायचा का? ती चढेल का? आणि चढली तरी जीव मुठीत धरून चढेल, उपकार घेतल्यासारखी. मला तिनं हक्कानं चढायला हवं होतं.

तू म्हणालीस, "चढायच्या आधी ती दिसावी लागती."

समितीत तर मजाच झाली. मी निळा म्हणाले म्हणताच कुणी पिवळा म्हणालं, कुणी हिरवा, कुणी भगवा. आबांना कुणाला दुखवायचं नव्हतं. त्यांनी तोडगा काढला: उजवी ट्यूब एकाला, डावी एकाला, टोक एकाला, पट्टी एकाला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तसा ठरावही केला. आबांनी तो कारखान्याच्या माणसाला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आबासाहेब, बोट करायची आहे का पोळ्याचा बैल?" तू इतकी हसलीस की खोकला लागला. ठराव तिथंच बारगळला.

त्याच माणसानं सांगितलं की गडद निळा आपल्याकडच्या उन्हात तापेल, आतली हवा फुगेल, वैशाखात ट्यूबवर हात ठेववणार नाही.

"म्हणजे आमचाच रंग गरम," मी म्हणाले.

"रंगाला कशाला बोल लावती," तू म्हणालीस. "डोकं गरम हाय तुझं."

मग तू ते कपाट उघडलंस.

आपल्याकडं बाळंतपण झालं की घरातले लोक सिस्टरला नारळ आणि ब्लाऊज पीस देतात. घर कुठलंही असो. तू ते शिवत नव्हतीस. नोकरीभर पांढरी साडी, कुठं शिवणार? सगळे घडी करून कपाटात. जगातले सगळे रंग त्या कपाटात होते. परतीच्या पावसानं नदी गढूळ होती तेव्हाच तू ते काढलेस, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबांना गुंडाळून बांधलेस आणि इरफानला त्या पाण्यात न्यायला लावलंस. आणि बघणाऱ्यांना घेऊन गेलीस शाळेच्या गच्चीवर. गयाबाईला हाताला धरून वर चढवलंस.

"तू बघ," तिला म्हणालीस. "त्या दिवशी तू बघत बसल्तीस. आता बी तूच बघायचं."

इरफान एकेक ट्यूब दोरीनं लांब सोडत होता आणि गयाबाई मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी सांगत होती. राखाडी पाण्यातच विरघळला. हिरवा पलीकडच्या उसात शिरला. लाल ऊन होतं तोवर ठीक, दिवस कलल्यावर काळा पडला, लाकडाच्या ओंडक्यासारखा. पिवळा बराच वेळ टिकला, मग तोही मातीत मिसळला.

निळा सगळ्यात आधी गेला होता.

मी गच्चीवर उभी होते. डोळे फाडून शोधला. तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. जिंकल्यावर माणूस बघतोच, तू नदीकडंच बघत राहिलीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

दिवस बुडाला तेव्हा पाण्यावर एकच ठिपका होता. गयाबाई म्हणाली, "अजून दिसून राह्यला."

काठावर आपण ते कापड पिळत बसलो. मी नारिंगी पीस झटकून वाळत टाकला तर तू विचारलंस, "हा कोनी दिला म्हाईत हाय? इरफानच्या आईनं. हा झाला तेव्हा."

इरफान म्हणाला, "अम्मीनं? मला न्हाई म्हाईत."

"तुला कसं म्हाईत? तू रडून राह्यला होता तेव्हा."

निळा आबांच्या घरातून आला होता, नातीच्या वेळी. हिरवा दिला होता सोळा सोमवार करणाऱ्या शेवंताच्या सासूनं. तू एकेक सांगत गेलीस आणि मला कळत होतं, तू मला काय दाखवते आहेस ते. पण मी गप्प बसणारी नाही, हेही तुला माहीत होतं.

"कपाटात सगळे रंग गुण्यागोविंदानंच राहतात, मावशी. दुकानातून आणताना कुणी बघत नाही. पण तोच रंग काठीला बांधला की माणसं एकमेकांच्या दारावरून जायची बंद होतात. मग तुझं कपाट काय कामाचं?"

तू हातातला पीस पिळत राहिलीस, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी. शेवटी म्हणालीस, "बघू." नुसतं 'बघू' म्हणणारी बाई तू नव्हतीस. म्हणून मला वाटतं, तू त्यावर नंतर विचार केला असशील. काय ठरवलंस ते आता कळायचं नाही.

हिवाळा गेला. मी एक मधला मार्ग काढला आणि तुला जालन्याहून फोन केला. जुन्या जालन्यात कागद आणायला गेले होते, मागं रिक्षांचा गोंगाट. मी ओरडून सांगितलं, "ट्यूब नारिंगी घे. पण तळ निळा."

"तळ पाण्यात. कोनाला दिसनार?"

"मला माहीत असेल ना."

तू हसली नाहीस. माझ्या या असल्या बोलण्यावर तू कधीच हसली नाहीस. जरा वेळानं म्हणालीस, "बराबर हाय. पण एक सांग, उलटली तर? उलटली तर काय दिसंल?"

"विचार करून सांगते," मी म्हणाले. कागदवाला पैसे मागत होता.

त्याच आठवड्यात तू गेलीस. माझ्याकडं तुझा एक प्रश्न राहिला आणि तुझ्याकडं माझा एक.

बैठकीत आबा म्हणाले, "सिस्टर नारिंगी म्हनल्या होत्या. तळाचं काय करायचं ते ह्या पोरीला म्हाईत." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मावशी, त्या वेळी मी 'निळा' म्हणाले असते तर कुणीही हूं की चूं केलं नसतं. दुःखातल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही. इतक्या सहज मिळालेला निळा माझ्या घशाखाली उतरेना. भांडून मिळाला असता तर घेतला असता.

आणि तुझा प्रश्न तिथंच बसलेला होता. बोट उलटली की ट्यूब जातात पाण्याखाली आणि वर येतो तळ. गढूळ पाण्यात निळा तळ म्हणजे आत कुणी नव्हतंच, बोट आलीच नव्हती, असं गच्चीवरून दिसणार. मी गयाबाईच्या शेजारी उभी राहून ते पाहिलेलं होतं.

मी म्हणाले, "ट्यूब नारिंगी, तळही नारिंगी. आत पाय ठेवायला फिकट राखाडी, म्हणजे उन्हात डोळे दिपणार नाहीत. आणि दोर निळा."

कुणाला कळलं नाही. मी कार्डावरचं चित्र दाखवलं. ट्यूबच्या बाहेरच्या अंगानं सगळीकडून एक दोर झोळ देत लावलेला असतो. पाण्यातला माणूस बोटीपाशी पोचला की आधी तोच त्याच्या हाताला लागतो. नारिंगीवर काळा दोर सावलीसारखा दिसेल, पांढरा मळून जाईल. कारखान्याच्या माणसाला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "चालतंय की ताई. जवळून एकदम ठळक दिसेल." लांबून दिसायला नारिंगी, जवळ आल्यावर धरायला निळा. दोन्ही कर म्हणालीस, केलं.

मग एकानं तुझा फोटो आणि नाव बोटीवर लावायचं काढलं. मी नको म्हणाले. आबा दुखावले. "लोकं तर आत्ताच सिस्टरची बोट म्हनून राह्यलेत."

"म्हणू द्या, आबा. लिहू नका. आज तुमच्या मायेनं एक नाव लिहिलं की उद्या दुसरा फोटो येईल, परवा झेंडा. जागा एकदा दिली की दिली."

आबांनी खूप वेळ पान चघळलं. मग म्हणाले, "लिवा. नाव न्हाई, फोटो न्हाई, झेंडा न्हाई." हा ठराव एकमतानं झाला. मी वाचलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा तो मला जास्त आवडला.

आणि मी हरले असं समजू नकोस. नवं पत्रक तयार आहे. बाबांकडं गुलाबी कागद उरला होता, त्यावरच छापलंय. बाबांनी रंगाचा विचार कधी केला नाही, उरलेला कागद वाया जाऊ नये एवढंच पाहिलं. त्यात निषेध एक परिच्छेदभर आहे, तो मी काढणार नाही. खाली मोठ्या अक्षरात नियम आहे: ज्या घरात पाणी आधी शिरेल, तिथं बोट आधी जाईल. ओळख चालणार नाही. प्रत्येक वस्तीत, चावडीवर, मशिदीजवळच्या हॉटेलात ते लागेल. सगळ्यात खाली नदीकडं कोण राहतं, हे आपल्या गावात सगळ्यांना माहीत आहे.

कारखान्यानं दोराचा तुकडा नमुन्याला पाठवला. तो घेऊन मी गयाबाईकडं गेले. तिनं तो मनगटाला गुंडाळून ओढून पाहिला.

"पक्का हाय. आन् बोट?"

"नारिंगी."

कित्येक महिने मी तुझ्याशी तिच्या वतीनं भांडत होते. ती म्हणाली, "ते गच्चीवरून दिसल्तं की. मी ते न्हाई इचारत. चालवनार कोन?"

मावशी, आपण दोघींनी पट्टीपासून दोरापर्यंत सगळ्याचा कीस काढला. हे आपण एकमेकींना कधी विचारलंच नाही. त्या दिवशीच्या बोटीवरचा झेंडा मला दिसत होता, पण गयाबाई झेंड्याकडं बघतच नव्हती. ती इंजिनाच्या मुठीवर हात असलेल्या माणसाकडं बघत होती. त्यानं तिला पाहिलं होतं आणि मूठ फिरवली होती.

"इरफान चालवेल," मी म्हणाले. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "आणि मी."

"तुला पवता येतं?"

"नाही."

"मंग शीक जल्दी. तू असलीस तर बसते मी."

तू मला किती वेळा म्हणाली होतीस, पत्रकबाई, पाण्यात भाषण करता येत न्हाई. तर आता मी गावातच राहते आणि रोज सकाळी आबांच्या विहिरीत असते. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला. इरफान पायरीवर बसून सूचना देतो आणि त्याची अम्मी वरून ओरडते, पोरीला बुडवू नको म्हणून. आबांची नात, तो निळा पीस जिच्या वेळी आला ती, माझ्या आधी डबा सोडून पोहायला लागली आणि आता माझ्याभोवती चकरा मारते. काल पहिल्यांदा मी डब्याशिवाय या काठावरून त्या काठाला गेले. नाकातोंडात पाणी गेलं. वर आले तेव्हा कुठल्याही रंगाचा विचार डोक्यात नव्हता, नुसता हात लांबवला होता आणि काहीतरी धरायला हवं होतं. इरफाननं दोर टाकला.

बोट पावसाळ्याआधी येते आहे. माझा प्रश्न तुझ्याकडं राहू दे, मला घाई नाही. तुझ्या प्रश्नाचं मात्र आता सांगते. उलटली तर आधी नारिंगी दिसेल, मावशी. मग जरा जवळून बघितलंस तर निळा दोर, आणि तो घट्ट धरलेले आम्ही सगळे.